तबक पुढं गेलं

प्रभूभोजनाचं तबक माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केला. तबक धरलेल्या काकांनी माझ्याकडे न बघता ते शेजारच्या बाईपुढे नेलं. तिने भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरसाची इवलीशी प्याली घेतली. माझा हात तसाच. अख्ख्या चर्चने तो पाहिला. मग सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे मिटण्यात आमची मंडळी पटाईत.

गुन्हा काय? मी गर्भ पाडला होता. डॉक्टरांकडे जाऊन, कायद्याने. दोन लेकरं पदरात होती. दुसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते. पण ते कारण मी पुढे करत नाही. मला तिसरं मूल नको होतं. एवढंच.

हे बाहेर फुटलं माझ्याच तोंडून. मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या बायकोला सांगितलं. आम्ही त्यांना बाई म्हणतो. म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा. बाईंनी केली की. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली. बालवाडीत काम करणाऱ्या आपल्या एका भगिनीच्या हातून घोर पाप घडलं आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी. नाव घेतलं नाही, तेवढी दया. मंडळीत बालवाडीत काम करणारी मी एकटी. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्याने मला स्वतः गाडीवरून डॉक्टरांकडे नेलं होतं, त्या माझ्या नवऱ्यानेही जोडलेले हात पाठवले होते.

आम्ही राहतो चर्चच्याच आवारात. सासरे चर्चची घंटा वाजवायचे, तेव्हापासूनची ती खोली. आवाराला फाटक एकच. कामाला जा, भाजीला जा, सगळ्यांच्या दारांवरून जायचं. कुणी वाईट बोललं नाही. तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं, एवढंच म्हणायचे. शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती. प्रार्थनेला काय उत्तर देणार? दार लावून घरात बसले तरी पलीकडून माझ्यासाठी चाललेली प्रार्थना भिंतीतून ऐकू यायची.

मग पाळकसाहेबांनी वाट दाखवली. दर शुक्रवारी मंडळी स्टँडमागच्या, गर्भपातही होणाऱ्या एका प्रसूतिगृहासमोर पाट्या घेऊन प्रार्थनेला उभी राहते. मीही उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना माझं पाप सांगायचं. साक्ष द्यायची. मग तबक परत मिळेल. नाहीतर चर्चच्या पंचांना खोलीचाही विचार करावा लागेल. हे त्यांनी फार मऊ आवाजात सांगितलं.

नवऱ्याने मोबाइलमध्ये मान घातली. आत्या, म्हणजे माझी सासू, पाय धरायचीच बाकी होती. म्हणाली, "जा की गं. तासभर हुबं ऱ्हायला काय जातंय? या वयात मी कुठं जाऊ?"

गेले. तिच्या म्हातारपणाकडे बघून गेले. हातात पाटी दिली: 'आई, मला जगू दे.' ऊन मी म्हणत होतं. बाजूला गाणी चालली होती. मी पाटी तोंडासमोर धरली, कुणी ओळखू नये म्हणून.

प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवरून एक बाई उतरली. माझ्याच वयाची, एकटी, भिंतीला धरून चालत होती. शेजारी उभ्या पाळकसाहेबांच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. म्हणाल्या, आता बोल. मी तोंड उघडलं. तिने पाटी वाचली. मान खाली घातली आणि पदर तोंडावर ओढला.

माझे पणजोबा पाणवठ्यावर असेच मान खाली घालून उभे राहायचे. ओंजळ पुढे. वरून कुणी ओतलं तर पाणी. तेव्हा चर्चमध्ये सगळे एका ताटातलं खायचे, एका प्याल्यातलं प्यायचे, हे पाहून ते ख्रिस्ती झाले. लहानपणी आजीने हे इतक्यांदा सांगितलं होतं की कंटाळा यायचा. त्या फुटपाथवर ते मला पहिल्यांदा कळलं. आणि अंगाची आग झाली.

मी पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. म्हटलं, "मी न्हाय बोलणार, बाई. तिला जाऊ द्या."

"मग प्रभूभोजन विसरायचं."

"जेवण प्रभूचं हाय. तुमच्या घरचं न्हाय."

गाणी थांबली. मी रस्ता ओलांडला, त्या बाईला रिक्षा करून दिली. तिने माझं नाव विचारलं नाही, मी तिचं नाही. मग घरी आले. त्याच फाटकातून, त्याच दारांवरून.

आता पंचांची बैठक आहे. खोली राहील असं वाटत नाही. आत्या बोलत नाही, नवरा मोबाइलमधून मान वर काढत नाही. मला भीती वाटते. रोज वाटते. पण चर्च सोडून मी जाणार नाही. माझ्या पणजोबांनी ते मान वर करायला धरलं होतं. साक्षही देणार नाही.

येत्या प्रभूभोजनाला मी पहिल्या बाकावर बसणार आहे. हात पुढे असेल, मान वर असेल, डोळे उघडे असतील. तबक माझ्यापुढून न्यायचंच असेल, तर माझ्या डोळ्यांत बघून न्यावं लागेल.