पॉलिश मशीनचा कौल

गाडी पॉलिश करायची मशीन कुठली घ्यावी हे मी देवाला विचारलं, आणि उत्तर मात्र माझं मीच घेतलं.

हे एवढं वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली. मुळात मी बोलणारा माणूस नाही. गोव्यात, तुयेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथले नट-बोल्ट कधी उलट उत्तर देत नाहीत, म्हणून आमचं जमतं. घरी ‘हूं’ आणि ‘बघूया’ या दोन शब्दांवर माझा संसार झाला. पण मनात गोष्ट साचली की ती कुजते, म्हणून आज लिहूनच टाकतो.

मला छंद होता गाड्या चमकवण्याचा. स्वतःची गाडी नव्हती, ही एक किरकोळ अडचण! स्कूटर होती, ती मी इतकी घासली की तिच्यावरचं कंपनीचं नावच निघून गेलं. बायको सुषमा म्हणायची, “देवाची समई काळी ठिक्कर पडली हा, आणि तुमी स्कूटर घासतास!” मी म्हणायचो, “हूं.”

मग मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता कळलं की खरी चमक हाताने येत नाही, त्याला मशीन लागते. आणि मशिनी दोन जातींच्या. एकीची चकती एका जागी नुसती गरगर फिरते. ती जड, दणकट, आवाज चढावर चाललेल्या ट्रकाचा. काम झटपट करते, पण हात एका जागी क्षणभर जास्त थांबला तर रंग भाजून काढते. दुसरीची चकती फिरता फिरता डुलते. ती तापत नाही, रंग जाळत नाही. अगदी गरीब गाय! प्रत्येक व्हिडिओत एकच सल्ला: नवशिक्यांनी डुलणारी घ्यावी. 

नवशिक्या! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, तीन महिने रोज व्हिडिओ बघतोय, आणि हे मला नवशिक्या म्हणतात! माझं मन गरगरणारीवर बसलं होतं आणि अक्कल डुलणारीकडे ओढत होती. जेवतानासुद्धा माझा हात भातावर गोल गोल फिरायचा. पुतणी सायली, म्हणजे दादाची मुलगी, शहाणी. ती म्हणाली, “काका, डुलणारी घे आणि मोकळो हो.” मी म्हटलं, “बघूया.”

दादाचं आणि आमचं अंगण एक, चुली दोन. शेवटी वहिनीच कंटाळली. “भावजी, तीन म्हयने ह्याच चल्ला हा! देवाक विचारा नि मोकळे व्हा!”

हळर्णच्या पलीकडच्या आमच्या गावात हे चेष्टेचं बोलणं नव्हे. आमच्याकडे बावडी खणायची, म्हैस घ्यायची, मुलाला बोटीवर नोकरीला पाठवायचं, सगळं आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. जी पाकळी पडेल तो देवाचा कौल. तेव्हा एका सकाळी सुषमा, वहिनी आणि मी देवळात हजर झालो.

“काय विचारायचा?” गुरवकाकांनी विचारलं.

“मशीन.”

“शिवणाची?”

“गाडी पॉलिश करायची. दोन जातीची आसा. एक गरगरता, एक डुलता.”

गुरवकाकांनी हातातलं फूल खाली ठेवलं. “चाळीस वर्षां देवाची सेवा करतंय. लग्नां विचारली, बावडी विचारली, एकदा चुकलेलो बैल विचारलो. ह्या पयलाच.”

“उजवी पडली तर गरगरणारी, डावी पडली तर डुलणारी.”

“आणि दोनय पडली तर?”

“दोनय घेतंय!” मी इतक्या उत्साहाने बोललो की वहिनीने मला चिमटा काढला.

गुरवकाकांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. दहा मिनिटं गेली. मी पाकळ्यांवरची नजर हलवली नाही, आणि पाहतो तर काय, डावी पाकळी सुटायला लागलेली! कड उचलली गेली, ती जराशी खाली सरकली. देव स्पष्ट सांगत होता, ‘सुहास, डुलणारी!’

आणि इथेच मी ते पाप केलं. खांबापाशी कुणा भक्ताने दिलेला उभा पंखा होता. “उकडता मरे,” असं म्हणत मी तो लावला आणि त्याचं तोंड फिरवलं ते नेमकं उजव्या पाकळीकडे. ती बिचारी फडफडली, वाळली आणि टपकन पडली.

“उजवो!” वहिनीने हात जोडले. गुरवकाकांनी डोळे उघडले, पाकळी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, “घे बाबा तुझी गरगरणारी.”

मशीन आली. आता हवी होती गाडी, आणि ती होती दादाची. दादाने तीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. घरी यायचा तो लाल मातीचा पुतळा होऊन. आंघोळीनंतरच ओळखू यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने काळी कुळकुळीत गाडी घेतली. तिच्यावर माशी बसली तरी हा आत जाऊन फडकं आणायचा. एरवी त्याने मला तिच्या जवळपाससुद्धा उभं केलं नसतं. पण येत्या रविवारी लाटंबार्सेला सायलीचा साखरपुडा होता, गाडी झळकायला हवी होती, आणि मुख्य म्हणजे कौल झाला होता!

“देवानच सांगला तर मी कोण आडवणारो?” असं म्हणून त्याने किल्ली दिली. मला त्याच वेळी घाम फुटायला हवा होता. नाही फुटला.

गुरुवारी दुपारी अंगणात मशीन सुरू केली. काय तो आवाज! शेजारची कुत्री पळाली. बोनेटवर पाच मिनिटांत अशी झळाळी आली की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतका तुकतुकीत दिसत होतो. मी जरा निरखून पाहिलं. मिशी बरी होती. केस अजून बऱ्यापैकी होते. मी बघत राहिलो आणि मशीन एका जागी गरगरत राहिली.

मग करपल्याचा वास आला. मला वाटलं, सुषमाचं कालवण लागलं!

मशीन उचलली. चांगला भाकरीएवढा डाग. कडेला काळा, मग राखाडी, आणि मधोमध चक्क पत्रा. काळ्या म्हशीच्या कपाळावर चांद असतो ना, तसा!

दादा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता डागाभोवती हात फिरवला, जसा आजारी बैलावरून फिरवतात, आणि मटकन ओट्यावर बसला. वहिनी धावत आली. “अगो बाय माझे! असा कसा झाला?”

जन्मभर ‘हूं’वर निभावलेला माणूस तेव्हा तरी गप्प राहायला हवा होता की नाही? पण नाही! मी म्हटलं, “देवान सांगला तसाच केलंय.”

वहिनीचा चेहराच बदलला. “कौल उजवो, आणि तरीय असा? साखरपुड्याच्या तोंडार? म्हंजे देवाच्या मनात काय तरी आसा. ही सोयरीक देवाक मान्य नाय!”

“अगो, डाग गाडीक पडलो, नवऱ्याक नाय,” दादा क्षीणपणे म्हणाला. पण शुक्रवारी सकाळी लाटंबार्सेला फोन गेलाच: जरा थांबा, देवाचं काहीतरी आहे.

सायली माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले. “काका, त्यांनी काजूच्या बागेत मांडव घातलो. माका तो मुलगो आवडता. आणि आई म्हणता देव नाय म्हणता.” मी ‘बघूया’ म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्याच्याने ते म्हणवेना. संध्याकाळी कळलं, गुरवकाकांनी जेवण सोडलंय. “चाळीस वर्षांत माझो कौल चुकलो नाय. माझ्याच सेवेत काय तरी कमी पडला,” म्हणून म्हातारा देवळात बसून राहिला होता.

शनिवारी सुषमाने माझ्यापुढे चहा आदळला. “आता तुमी सांगतास की मी सांगू?”

“काय?”

“पंखो! तुमका उकडता? वैशाखात गोधडी घेऊन निजणारो माणूस तुमी! माका तेव्हाच कळलेला.”

मी उठलो. अंगणात सगळे होतेच. शिवाय नवऱ्यामुलाचे वडील काळजीने लाटंबार्सेहून येऊन कदेलीवर (म्हणजे खुर्चीवर) बसलेले, हातात काजूची पिशवी. (हे आलेत ते मला आधी कळलं असतं तर मी मागच्या दाराने गेलो असतो.) मी डोळे मिटले आणि म्हणालो, “पंखो मी लावलो. देव डुलणारी म्हणत होतो.”

कुणाला काही समजेना. सगळं दोनदा सांगावं लागलं. पाप एकदा करणं सोपं. दोनदा सांगताना जीव जातो.

“म्हंजे तो देवाचो कौल नव्हतो?” वहिनीने विचारलं.

“नाय.”

“पंख्याचो?”

“व्हय.”

“मगे सोयरीक होतली!” वहिनी इतक्या आनंदाने ओरडली की मला शिव्या द्यायचं सगळ्यांच्या राहूनच गेलं. ती सायलीला घेऊन साडी काढायला आत पळाली. व्याह्यांनी काजूची पिशवी दादाच्या हातात दिली आणि मला नीट न्याहाळून विचारलं, “ह्ये उद्या येतले? मशीन घेऊन येऊक नको म्हणजे झाला.”

दादा मात्र उठून माझ्यापुढे उभा राहिला. “गाडी जाऊ दी खड्ड्यात. त्या म्हाताऱ्यान दोन दिस तोंडात पाणी घेतला नाय. देवापुढं चूक मान. सगळ्यांसमोर.”

रविवारी सकाळी, लाटंबार्सेला निघण्याआधी, सगळा वाडा देवळात जमला. व्याहीही मुद्दाम आले. (सोयरीक पक्की करण्याआधी घराणं बघायचंच असतं.) गुरवकाका जेवून आले होते, त्यामुळे आवाज खणखणीत. त्यांनी चूक-माफीचं गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे बारा गावच्या म्हाराजा! ह्या लेकरान तुझ्या पुढ्यात पंखो लावलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी आवाज दिला.

“तुझा उत्तर सोडून आपल्या मनातला घेतला, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“लेकरू वायट नाय. पण ह्येका अक्कल जरा कमीच पडली, म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला आवाज द्यायचा तो पोटातून, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली ती याच ‘व्हय म्हाराजा’ला. सगळं देऊळ वळून माझ्याकडे बघायला लागलं, तेव्हा कुठे मला कळलं की सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.