मावशींच्या हातचा अंदाज

जंतूंना खाऊ घालणं हे मावशींचं काम. सत्तावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत जंतूंचं खाद्य शिजवत होत्या. पावडर तोलायची, पाण्यात विरघळवायची, चंबूत भरून वाफेवर ठेवायची. मावशींच्या हातालाच वजन कळतं, असं सगळे म्हणायचे. नको तेवढं कौतुक केलं लोकांनी, आणि तेच पुढे नडलं.

तिथे संशोधन करणाऱ्या एका मुलीने तीन वर्षं एकाच गोष्टीमागे घालवली होती. खाणं संपलं की हे जंतू भोवती कवच करून निजतात. त्यासाठी त्यांची जनुकं ठरल्या वेळी, एकामागून एक जागी होतात. पहिलं जनुक जागं झालं की चंबूत हिरवा उजेड दिसेल, अशी सोय तिने केली होती. तो नवव्या तासाला दिसायला हवा, पण दोन महिने झाले, कधी सातव्याला दिसे, कधी आठव्याला.

"तुझ्या नोंदींवर माझा विश्वास नाही," प्रयोगशाळेचे सर तिला म्हणाले. "शुक्रवारी शेवटचं बघू. नाहीतर हे काम बंद."

मुलगी मोरीपाशी येऊन रडली. तिथे चंबू धूत असलेल्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, पण ते लवकर जागं होईलच कशाला?"

"खाणं कमी पडलं तरच, मावशी. आणि खाणं तर तुमच्या हातचं."

वर्षभर काट्यावरचे आकडे मावशींना धूसर दिसत होते, गेले दोन महिने तर दिसतच नव्हते. काम जाईल म्हणून घरी लेकालाही पत्ता लागू दिला नव्हता. चमच्याने अंदाजाने घालत होत्या. आता गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही.

त्या तशाच ओल्या हातांनी सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "पोरीची चूक नाही. मला दिसत नाही."

सरांनी खाद्याच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

शुक्रवारी मुलीने पावडर स्वतः तोलली. नववा तास भरला तशी ती मावशींना हाताला धरून अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली.

"आला, मावशी. अगदी वेळेवर. दिसतोय ना?"

वर्षभर असल्या प्रश्नाला मावशी हो म्हणत आल्या होत्या.

"नाही गं दिसत," त्या म्हणाल्या. "कसा आहे, तू सांग."

मुलीने त्यांचा हात धरून चंबूवर ठेवला आणि ती सांगू लागली.