वॉर्डातला कौल

पनवेलच्या त्या इस्पितळाबाहेर आम्ही चळवळीतल्या पोरापोरींनी दोन महिने पत्रकं वाटली. मागणी एकच: सुया टोचणारे पुष्कळ आहेत, पेशंटजवळ बसून त्याचं ऐकणारं कुणी नाही, असा माणूस नेमा! शेवटी इस्पितळवाले वैतागून म्हणाले, मग तुम्हीच बसा. झाली का पंचाईत! माझं वय तेवीस, घोषणा देण्यात पटाईत, ऐकायची सवय शून्य.

पहिल्याच मंगळवारी मला उरणकडच्या एका कोळीण आजीजवळ बसवलं. पित्ताशयात खडे, डोळे हळदीसारखे पिवळे. ऑपरेशन अकराला, आणि सर्जन मुंबईहून यायचे ते फक्त मंगळवारी. आजी मात्र कागदावर अंगठा द्यायला तयार नाही. सून रडून थकलेली.

"देवीचा कौल घेतल्याबगर मी नाय जायची."

आजीने पिशवीतून देवीचा चांदीचा टाक काढून पाण्याच्या बाटलीला टेकवला. फुलाच्या दोन पाकळ्या भिजवून त्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे सगळं मला पाठ होतं. कौलाविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं, तेही लाल शाईत.

"आता तू गाऱ्हाणं घाल," आजी म्हणाली.

"मी? सूनबाई आहेत की!"

"तिचा जीव हो-हो करतोय. बाहेरचं माणूस पायजे. आनि तुजा गळा मोठा हाय, मगाशी सिस्टरवर वरडत होतीस."

ती सिस्टर उठली आणि तिने पंखाच बंद केला. "नंतर म्हणाल, वाऱ्याने पाडली."

मी उभी राहिले. गाऱ्हाणं कसं घालतात कुणाला ठाऊक? तोंडून निघालं ते सवयीचं: "हे देवी, आजीचं ऑपरेशन झालंच पाहिजे!"

"झालंच पाहिजे!" पलीकडच्या खाटेवरून प्लास्टरवाले काका ओरडले. मग अख्खा वॉर्ड. सिस्टरने फाइल तोंडावर धरली.

पावणेअकरा झाले. पाकळ्या ढिम्म. पड गं, उजवी पड, असं कुणीतरी पुटपुटत होतं. ती मीच होते.

डावी पडली.

सूनबाईंनी डोक्याला हात लावला. माझं मात्र टाळकंच सटकलं.

"हे चालणार नाही!" मी टाकावर बोट रोखलं. "खडे तुझ्या पोटात आहेत का? जन्मभर हिने तुझी ओटी भरली, आणि आज हिची वेळ आली तर डावी टाकतेस? लाज नाही वाटत?"

आजी पोट धरून हलायला लागली. मला वाटलं कळ आली. आजी हसत होती.

"आय आय गं, दुखतंय, हसवू नको! देव मानत नाय ना तू? मंग भांडतीस कुनाशी?"

टाकावर रोखलेलं बोट मी हळूच खाली घेतलं.

डोळे पुसत आजी सुनेला म्हणाली, "खरं सांगू? मीच भ्याले होते. डावी पडू दे, घरी जाव, असं मनात होतं. देवीनं माजं ऐकलं, म्हंजे कौल माज्या भीतीचा, तिचा नाय. आन इकडं तो कागद."

तिने ठसठशीत अंगठा उठवला. स्ट्रेचरवरून टाक माझ्या हातात दिला. "संभाळ. आता ओरडू नको तिच्यावर."

दीड वाजता सिस्टर हसत ऑपरेशन थिएटरबाहेर आली. सूनबाई धावत तिच्याकडे गेल्या. मी टाक ओढणीने पुसला, कुणी बघत नाहीसं पाहून घेतलं, आणि हळूच सॉरी म्हणाले.