लिफ्टमनने शिकवलेलं इंग्रजी

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चांगलं येत होतं मेल्याला, तेच तर दुखणं होतं.

एका बड्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभं राहून त्याने उभा जन्म काढला. वर जाताना, खाली येताना साहेबलोक जे बोलत ते ऐकून ऐकून त्याने भाषा उचलली आणि गल्लीभर मिरवली. निवृत्त झाल्यावर राहत्या इमारतीच्या तळाशी इस्त्रीचं दुकान टाकलं. दुकान याचं, इस्त्री मात्र सुनेची. हा गळ्यात मफलर अडकवून गल्ल्यावर बसणार, येईल त्याला 'गुड मॉर्निंग' ठोकणार, आणि ती आत वाफेत उभी राहून कॉलर, कफ, बाह्या, पाठ उरकणार. वर जाऊन स्वयंपाक तिचाच, म्हाताऱ्याचे पाय चेपायचे तेही तिनेच. गल्ली त्याला 'जंटलमन' म्हणायची. सून मनातल्या मनात काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

तिचा नवरा परदेशात क्रेन चालवत होता. लग्न झालं, हळद उतरायच्या आत तो गेला, आणि तेव्हापासून संसार फोनवर. बायकोला तिकडे बोलवायचं तर तिने आधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची, असा तिथला नियम. परीक्षेत तिकडच्या रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार विचारतात. ती क्लासची चौकशी करायला लागली, तर म्हातारा उसळला.

"क्लास कशाला? घरात मी काय मेलोय? मी शिकवतो!"

तिला बिचारीला भरून आलं. लग्न झाल्यापासून या माणसाने तिच्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी करायचं कबूल केलं होतं.

मग रोज संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून शाळा भरायची. मामंजी खुर्चीवर, सून कपड्यांच्या गाठोड्यावर.

"अंडर द वेदर?"

"तब्येत ठणठणीत असणे."

"पीस ऑफ केक?"

"महाकठीण काम."

"वन्स इन अ ब्लू मून?"

"रोजच्या रोज."

"नो हार्ड फीलिंग्ज?"

"मनात राग आहे."

"शाब्बास. आता पाय चेप."

तिने सगळं घडाघडा पाठ केलं. परीक्षा घेणाऱ्या बाईने विचारलं, तुम्ही दमलेल्या दिसता, अंडर द वेदर आहात का? हिने छाती पुढे काढून सांगितलं, हो तर, मी कायम अंडर द वेदर असते, माझे सासरेही तसेच, देवाची कृपा! बाईने विचारलं, नवऱ्याशी बोलणं होतं का? ही म्हणाली, होतं ना, वन्स इन अ ब्लू मून. बाई हळहळली. हिला वाटलं, काय मायाळू बाई आहे!

नापास. आता आणखी एकदाच बसता येणार होतं. तेव्हाही नापास झाली तर दार कायमचं बंद, मग नवरा फोनमध्ये आणि ही इस्त्रीपाशी, जन्मभर.

"डोक्यात भुसा भरलाय," म्हातारा म्हणाला. "तुझ्याने नाही व्हायचं. इथेच बरी आहेस तू." आणि तिला ते पटलं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तिला पटलं!

पुढे एकदा म्हाताऱ्याला सर्दी झाली. नाक लाल, आवाज बसलेला. समोरच्या इमारतीतले वकील शर्ट न्यायला आले आणि म्हणाले, "काय जंटलमन, आज उतरलेले दिसता?"

"काय सांगू साहेब," म्हातारा मफलर आवळत कण्हला, "जरा अंडर द वेदर आहे."

आत सुनेचा हात थांबला. वकिलांचाच शर्ट होता तो. इस्त्री जिथे होती तिथेच राहिली, करपल्याचा वास सुटला, पाठीवर तपकिरी डाग उमटला. म्हाताऱ्याने तिला गिऱ्हाइकादेखत झाडझाड झाडलं. ती ऐकत नव्हती. ती त्याच्या लाल नाकाकडे बघत होती.

दुपारी कपडे पोचवायला ती वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेली आणि दारातच चार वाक्प्रचार अर्थांसकट म्हणून दाखवले. नर्सबाई हसायलाच लागल्या. "अगं, कुणी शिकवलं तुला हे? एकूण एक उलटं आहे!" मग हिचं तोंड बघून त्यांचं हसू विरलं.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तापलेली इस्त्री उचलावी आणि त्या टकलावर टेकवावी, असं वाटलं. तसं न करता तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबांचं वय झालंय गं, विसरत असतील." तिने फोन ठेवून दिला. म्हणजे आता आपलं आपणच बघायचं.

त्या दिवशी ढिगात काळ्या पँटी होत्या. काळा कपडा चकाकू नये म्हणून उलटा करून इस्त्री करतात. एक पँट उलटवता उलटवता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा पक्का शिस्तीचा. लिफ्ट कधी दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली नाही, तसा एकही अर्थ अर्धवट चुकवलेला नाही. प्रत्येक नेमका उलटा! मग रडायचं कशाला? पुन्हा सुलटा केला की झालं.

संध्याकाळी ती मुकाट्याने गाठोड्यावर बसली. नवे नवे वाक्प्रचार मागून घेतले, त्याच्या तोंडावर उलटे म्हटले, मनात सुलटे करून ठेवले. म्हातारा खूश. "आता येतंय हं तुला," म्हणायचा. ती खाली मान घालून पाय चेपायची आणि दात ओठ खायची.

ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि निकाल तिच्या फोनवर आला. तिने तो म्हाताऱ्यासमोर धरला.

"पास? तू?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "कशी काय?"

"तुमच्यामुळेच, मामंजी. इमानेइतबारे उलटं शिकवलंत. मध्येच एखादा खरा अर्थ सांगितला असतात ना, तर मी आपटलेच असते."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. मग तो ओरडला, "हो, शिकवलं उलटं! तू गेलीस तर माझं कोण करणार? दुकान कोण बघणार? म्हातारपणी मी भाकऱ्या थापू?"

"असं आधी तोंडाने म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "थांब म्हणाला असतात तर थांबलेही असते वर्षभर. तुमच्या मुलाशी भांडून थांबले असते. तुम्ही मला मूर्ख ठरवलंत. मी माझ्याच डोक्याला शिव्या घालत होते, मामंजी, रोज रात्री."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर 'इस्त्रीसाठी बाई पाहिजे' असा कागद लागला. बाया आल्या, जंटलमनचा तोरा बघून गेल्या. ती निघाली त्या दिवशीही कागद तिथेच होता.

टॅक्सी आली. तिने दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि बॅग उचलली. वाकून नमस्कार केला नाही. म्हातारा दारापर्यंत आला. मराठीत माफी मागणं त्याला जमलं नसतं, म्हणून इंग्रजीत म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज?"

ती थांबली.

"खरा अर्थ धरू, की तुम्ही शिकवलेला?"

"खरा गं. खराच धर."

"मग नाही जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलात तोच असू दे." आणि टॅक्सीचं दार लावून घेतलं.