तांदळाच्या कोठीतली हार्डडिस्क

वरठीत लग्नाचं शूटिंग करणारी बाई म्हटलं की सरिताचंच नाव निघतं. नवरा धम्मदीप कारखान्यात कायम झाला आणि त्याने कॅमेरा कपाटावर टाकला, तो तिने उचलला. सुरुवातीला मांडवातली माणसं नवरी सोडून तिलाच बघायची. आता ती स्टुलावर चढते, ओढणी कमरेला बांधते आणि "मामाजी, सरका जरा" म्हणत नवरदेवाच्या मामालाही हलवते. घरी येऊन मिक्सिंगही तीच करते. नको ते कापते. नको ते कोणतं, हे तिचं तीच ठरवते.

आंबागडच्या रिताच्या लग्नातून तिने रिताचा बाप कापला होता.

मुद्दाम नव्हे. गोपीचंद लग्नभर भट्टीपाशी होता. आचाऱ्यावर त्याचा भरवसा नव्हता. एकदाच तो कॅमेऱ्यात आला, तोही धुरात आणि ओरडत. सरिताने तो तुकडा उडवून तिथे नवरीच्या मेंदीचे हात लावले. पुढे पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर वीज पडून गोपीचंद गेला.

दिवाळीनंतर रिताच्या आईचा, गिरजाबाईचा फोन आला. "सारं गाव दिसते लग्नाच्या शूटिंगमध्ये. माया माणूस नाही दिसत."

"आहेत मावशी, जुन्या कॉम्प्युटरात आहेत. या, दाखवते," सरिता बोलून गेली.

जुना कॉम्प्युटर तर पावसाळ्यातच जळाला होता. आतली हार्डडिस्क तेवढी तिने काढून फडक्यात गुंडाळली होती आणि दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या कोठीत पुरली होती. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, मग हे का नको, असा तिचा हिशोब.

आज नवा कॉम्प्युटर आला होता. शेजारच्या दुकानातला राजकुमार जुनी डिस्क त्यात बसवत होता, आणि गिरजाबाई सकाळच्या गाडीने येऊन मागे खुर्चीवर बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती.

"आता दिसन का?" तिने विचारलं.

"बस, होऊनच राहिलं मावशी."

कॉम्प्युटर सुरू झाला. डिस्कचं चिन्ह आलं, गेलं, परत आलं. पेटीतून टिक टिक आवाज येऊ लागला. मग पडद्यावर चौकट उमटली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार.

राजकुमारने माऊस त्या बटणाकडे नेला. रोज दहा डिस्का फॉरमॅट करणारा हात तो, सवयीने चालला होता.

सरिताने त्याचं मनगट धरलं. "हात काढा, भाऊ."

"ताई, नाही तर उघडणारच नाही ते."

"नाही उघडलं तरी चालते. बंद करा आधी."

गिरजाबाई खुर्चीतून अर्धी उठली. "काय झालं? पुसून गेला का तो?"

राजकुमारने बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढली, उलटी करून उजेडात धरली. पिनांच्या खाचेत पिवळट भुगा ठासला होता.

"हा कोंडा कुठून आला ताई? तांदळात ठेवली होती का?"

सरिताने कोठीकडे पाहिलं.

"कुकरात घालून दोन शिट्या देऊन टाकायच्या होत्या मग," तो पुटपुटला. पण हसला नाही. ब्रशने खाच साफ केली, केबल बदलली. सरिताने ओढणीचं टोक मुठीत घट्ट पिळलं होतं. दुसऱ्याचा मेलेला माणूस आपण कोठीत पुरून ठेवला होता, आणि तोही नीट नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

पुन्हा सुरू केलं. टिकटिक नव्हती. चिन्ह आलं आणि टिकलं. सरिताने आंबागडचं फोल्डर उघडलं, घाईत एकदा चुकीचं उघडलं, मग भट्टीचा तुकडा लावला.

धूर. धुरात कपाळ पुसत गोपीचंद, हातात झारा.

"ओ शूटिंगवाल्या बाई, मले कायले काढून राहिल्या? नवरीले काढा. माया भात लागून जाईन." आणि त्याचा पंजा कॅमेऱ्यावर आला. पडदा काळा.

"पुन्हा लाव," गिरजाबाई म्हणाली.

सरिताने लावलं. परत लावलं.

"घरीही असाच खेकसे." गिरजाबाई हसल्यासारखी झाली, मग सरिताकडे वळली. "चांगला तर दिसते. तू काहून कापलं, बाई?"

धूर होता, फोकस नव्हता, हात मध्ये आला होता. यातलं एकही कारण आता सरितालाच पटेना.

"भाऊ, आधी याची कॉपी नव्या डिस्कवर घ्या," ती राजकुमारला म्हणाली. "आणि एक पेनड्राईव्हवर, मावशीसाठी."

हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. ती पुरी भरेपर्यंत तिघंही पडद्याकडेच बघत होती. गिरजाबाईने पदर हातात घेतला. डोळे पुसेल असं सरिताला वाटलं, पण तिने पुढे होऊन पडदा पुसला.

"आता याच्यातलं काही कापू नको," ती म्हणाली. "तो हातही नको."