साळुंकी पाणी मागते

होटगीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मला वर्षाच्या मध्येच चौथीचा वर्ग मिळाला. आधीच्या बाई दिवाळीच्या सुट्टीत आजारी पडल्या आणि सोलापुरात, आपल्या घरीच वारल्या. मला एवढंच माहीत होतं.

पक्ष्यांचा धडा नुसता वाचून दाखवायचं माझ्या जिवावर येतं. मुलांना पिसं गोळा करून आणायला लावली. चिमटा, चमचा, गाळणी या झाल्या चोची. त्यांनी ताटातले हरभरे आणि पाण्यात भिजलेला सब्जा उचलायचा. कुठली चोच कशाला उपयोगी पडते, ते हातानंच कळतं. वर्गात नुसता कल्ला झाला. तो थांबवायला मी म्हटलं, "आता डोळे मिटा. पाच मिनिटं फक्त ऐका, आणि ऐकलेले पक्षी वहीत लिहा."

वह्या पाहिल्या. कावळा, होला, साळुंकी. आणि बहुतेक सगळ्या वह्यांत शेवटी एक शब्द होता: बाई.

"अगं, मी कुठं बोलले?"

"तुमी न्हाय. मागच्या बाई," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. इतकं सहज म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला.

मग मुलांनीच सांगितलं. कौलांतून साळुंकीचं पिल्लू पडलं होतं. बाईंनी ते खोक्यात ठेवून वर्गातच वाढवलं, भिजवलेली डाळ भरवायला मुलांना शिकवलं. उडायला लागल्यावरही ते शाळा सोडून गेलं नाही.

"आता लई बोलती ती. बाईंसारखंच."

साळुंक्या नकला करतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दुपारी मुलं व्हरांड्यात खिचडी खात असताना मी वर्गात एकटी होते, आणि मागून थकलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पाणी दे गं."

मी वळले. खिडकीच्या गजावर साळुंकी बसली होती. पिवळ्या कडेचा डोळा माझ्यावर रोखलेला. पुन्हा तेच म्हणाली. त्यात धापसुद्धा होती.

त्याच आठवड्यात बाईंचे यजमान कपाटातलं त्यांचं सामान न्यायला आले. उंच, अबोल गृहस्थ. साळुंकीचं त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. चष्म्याचं घर, दोन टाचणवह्या, एक शाल, असं ते पिशवीत भरत होते. तेवढ्यात गजावरून आवाज आला, "पाणी दे गं."

त्यांच्या हातातली वही खाली पडली. वर्गातलं एकही मूल हललं नाही.

"हे हिला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"बाई बोलायच्या ते ऐकून शिकली असेल."

"इथं?" ते बाकावर बसले. "मॅडम, हे ती शेवटच्या आठ दिवसांत म्हणायची. अंथरुणावरून, आमच्या मुलीला. घरी. तोवर शाळा सुटून तिला महिना झाला होता."

मी मुलांकडे पाहिलं. "बाई वर्गात कधी पाणी मागायच्या का रे?"

"न्हाय. बाई घरनंच बाटली आणायच्या की."

साळुंकी पंधरा किलोमीटर उडून तिथं गेली असेल का? की आवाज बाईंचा आणि शब्द दुसऱ्याच कुणाचे? मी मनात कारणं जुळवत राहिले, पण एकही पटेना. बाईंचे यजमान मात्र काही विचारत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. जाताना माझा नंबर घेऊन गेले.

त्यानंतर दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांचा फोन यायचा. "आज बोलली?" मी "हो" म्हणायचे, ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. मुलांना त्या आवाजाचं काहीच वाटत नव्हतं. मी मात्र वर्गात एकटी थांबेनाशी झाले.

मार्चच्या शेवटी, ऊन कडक झाल्यावर, साळुंकी यायची थांबली. मुलांनी दोन दिवस झाडं धुंडाळली, तिसऱ्या दिवशी शोधायचं सोडून दिलं. गुरुवारी फोन वाजला तेव्हा खोटं बोलावं, असं मनात आलं होतं.

"चार दिवस झाले, आलीच नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरं झालं, मॅडम. सुटली."

त्यांचा फोन परत कधी आला नाही.