पहिल्या घाण्याचा आवाज

आमच्या घरी चकली आधी कानाने चाखत. पहिल्या घाण्यातली एक बशीत घालून बाहेरच्या खोलीत बाबांना जायची. आई गॅस बारीक करून स्वयंपाकघरात उभी राहायची. पिठात कडकडीत तेलाचं मोहन बरोबर पडलंय की नाही, हे तिला बाबांच्या चाव्यावरून कळायचं. बाबांचं मत कुणी विचारत नसे. ते बिचारे नुसते दात!

बाबा गेले आणि आईला मी नाशिकहून दोह्याला, अल दुहैलच्या आमच्या घरी आणलं. इथल्या दुपारी लांबलचक, पांढुरक्या. एसीच्या घरघरीत आपण जागे आहोत की झोपेत, तेच समजत नाही. आई त्या घरघरीत मिसळून गेली होती. जेवायला मऊ भात आणि दही. पापड नको, चिवडा नको. तिच्या ताटातून आवाजच येईनासा झाला. ही अशीच हळूहळू विरून जाणार, अशी मला भीती वाटायला लागली.

शेजारी एक जपानी बाई राहते. कंपाउंडमधली माझी एकुलती एक मैत्रीण. तिच्याकडे खाण्याच्या आवाजांना शब्द आहेत. पापडासारखं पातळ ते पारिपारी. हलकं, खुसखुशीत ते साकुसाकु. सादळलेलं ते फुन्याफुन्या. हे ती अगदी ओठ लोंबवून म्हणते. दातांची परीक्षा पाहणारं ते बोरिबोरि. ती बोलत असली की माहेरचे डबे कुणीतरी एकेक करून उघडतंय असं मला वाटायचं.

एका दुपारी ती चहाला आली. नाशिकहून आणलेल्या भाजणीच्या चकल्या मी सकाळीच केल्या होत्या. आई आतल्या खोलीत पडून होती, दार अर्धवट उघडं. शेजारणीने चकली चावली, डोळे मिटले आणि खुशीत म्हणाली, "बोरिबोरि!" तिच्या लेखी ती स्तुतीच होती.

आतून आवाज आला, "मोहन कमी पडलंय."

पाठोपाठ आईच बाहेर आली, पदर खोचत. "सरक. तेलाला एवढी काय कंजुषी करायची ती!"

तिने नवीन पीठ घेतलं, तेल तापवलं, सोऱ्या धुतला. पहिली चकली निघाली तशी बशीत घालून माझ्या हातात दिली.

"बाहेर जाऊन खा."

"आई, हिलाच देऊ या ना."

"ती पाहुणी आहे. तू जा."

मी सोफ्याच्या टोकाला बसले. एसी बंद केला. शेजारणीला काय समजलं कोण जाणे, तिनेही कप हलकेच खाली ठेवला. आत गॅस बारीक झाला. मला रडू येत होतं, पण रडत रडत चावा नीट बसला नसता. मी डोळे पुसले आणि चकली चावली.

मग आतून एक चावा ऐकू आला. आईचा.